सहीपुरतं

९ जानेवारी १९८४, सौंसर

आज विहारात बायकांच्या साक्षरता वर्गाला चारच जणी. महिन्यापूर्वी एकोणीस होत्या! चंद्रकलेला रस्त्यात गाठून विचारलं, तर म्हणते, "सही आली नं जी बाई. आता काय पोथी वाचाची हाय का मले?" आणि हसली. मलाही हसू आलं. घरी पोचेस्तोवर त्याचा राग झाला.

सही आली की झालं. मोहल्ल्यात नळ आला की झालं – महिनाभर कोरडा राहिला तरी चालते. आम्ही दारापर्यंत येतो आणि उंबरठ्यावरच बसकण मारतो.

११ जानेवारी

दोघीच. फळ्यावर काही लिहिलं नाही.

१५ जानेवारी

शकुबाई मात्र चुकत नाही. दिवसभर कापूस वेचून येते, बोटं ओरबाडलेली. नवरा जाऊन वर्ष झालं. शेत त्याच्या आणि दीर गुणवंताच्या सामायिक नावावर. आता नवऱ्याच्या जागी हिचं नाव चढायचं आहे. गुणवंता म्हणतो, "वहिनी, कागदाचं सारं मी करून राहिलो. तू फक्त सही करायले ये." चोवीसला, तहसीलमध्ये.

तिचा 'श' माझ्यापेक्षा देखणा येतो. म्हटलं, "शकुबाई, तुमच्या घरातला अंगठा तुमच्यापाशी संपला." ती पदर सारखा करत राहिली.

२० जानेवारी

छिंदवाड्याहून साहेब तपासणीला. घरोघर फिरून एकोणीसही जणींना आणलं. प्रत्येकीने रजिस्टरात सही केली. साहेब खूश. दहा मिनिटांत जीप निघालीही.

मीही खूश होते. खोटं कशाला लिहू.

२४ जानेवारी

शकुबाईने तहसीलमध्ये अंगठा पुढे केला.

चंद्रकला रेशनकार्डासाठी तिथेच होती, तिने पाहिलं. बाबू म्हणाला, दस्तखत करो. तर ही सगळ्यांसमोर म्हणते, "मले सही येत नाही जी." गुणवंताही चाट पडला म्हणे – "काऊन वहिनी, परवा तं भिंतीवर कोळशानं लिहून राहिली होती!" चंद्रकलेची बस होती. ती पुढचं पाहायला थांबली नाही. थांबून तरी काय पाहायचं होतं?

तिला शिकवण्यात पाच महिने गेले. कशाची लाज वाटली तिला? बाबूची भीती? यांच्या हाती काहीही द्या, हात जुन्याच जागी जातो.

'यांच्या' लिहिलं मी. मीही याच मोहल्ल्यातली. माझी आई मरेपर्यंत अंगठाच देत होती.

२५ जानेवारी

ती आली नाही. बरं झालं, काहीतरी बोलून गेले असते. वर्ग बंद करावा म्हणून अर्ज लिहून ठेवला आहे.

२७ जानेवारी

शकुबाई आली. बसायच्या आधीच सुरू झाली.

"सही केली अस्ती तं बाबूनं बोट ठेवलं अस्तं, इथं कर म्हणून. अंगठेवाल्याले वाचून दाखवा लागते, हे मले माईत होतं. वाचाले लावलं त्याले. तं त्याच्यात निघालं, मी राजीखुशीनं हिस्सा सोडून राहिली म्हणे. नाही देल्ला अंगठा. आली वापस."

मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मले माह्या नावाच्या पुढचं एक अक्षर वाचता येत नाही, बाई. तुम्ही काऊन नाही शिकवलं?"