सुटलेलं पॉलिश

बाबा, काल अकोल्याला तुमच्या हातचं काम पाहून आलो. कथक शिकवणाऱ्या मॅडमचा तो वरच्या मजल्यावरचा हॉल, सागवानाच्या फळ्यांचा. तुम्ही शेवटचं पॉलिश तिथंच केलं, मग आजारी पडलात आणि गेलात. मी तेव्हा दहावीत होतो. आता तुमचंच काम करतो. कॉलेज मधातच सोडलं, हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार, म्हणून मीच सांगतो. एका मुलीबद्दल एक जण वाकडं बोलला, मी त्याच्या कानाखाली काढली. कॉलेजवाले माफी माग म्हणाले, मागितली नाही. तिनं मला काही कर म्हटलं नव्हतं. ती मुलगी आता त्याच मॅडमच्या क्लासात लहान पोरींना शिकवते. त्या जोरावरच तिनं घरी लग्नाचा विषय थांबवून धरला आहे. मॅडमचा फोन आल्यावर अमरावतीहून मिळेल त्या बसनं मी कशासाठी निघालो, ते तुम्ही एका नजरेत ओळखलं असतं.

झालं असं की गेल्या दिवाळीआधी मॅडमनी तिथल्याच एका पेंटरकडून तुमच्या पॉलिशवर नवा हात मारून घेतला होता. तो आता सुटून राहिला. मधोमध, जिथं पोरी पाय आपटतात, तिथं पापुद्रे निघतात आणि तळव्यांना टोचतात. पेंटरचं म्हणणं, खालचं पॉलिशच कच्चं होतं, वरचं कसं टिकणार. मॅडमनी फोनवर तेच ऐकवलं आणि माझं डोकं सरकलं. बसमध्ये त्या पेंटरला काय काय बोलायचं तेच घोकत गेलो.

पण फळ्यांवर गुडघे टेकले आणि लहानपणी तुमच्यासोबत कामावर गेलो होतो ते सेमाडोह आठवलं. रेस्ट हाऊसचा व्हरांडा आहे, तुम्ही फळीवर पाण्याचा थेंब ठेवता, मी लगेच त्यावर बोट फिरवतो आणि तुमचा फटका हातावर बसतो. “पाणी सांगते ना. तू कायले घाई करून राहिला बे?” थेंब उभा राहिला तर पॉलिश जिवंत, फळी काळी पडली तर लाकूड उघडं. काल मी वाट पाहिली. पापुद्रे उडालेल्या जागीही थेंब उभाच राहिला. तेलकटपणानंही थेंब उभा राहतो, म्हणून टर्पेंटाईनच्या फडक्यानं पुसून पुन्हा टाकला. तसाच. नखानं खरवडलं, तुमचा थर हलला नाही. वरचा मात्र कांद्याच्या सालीसारखा हातात आला, आणि त्याची खालची बाजू चिकट, पिवळी. वास घेतला. तेलच होतं.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली आणि बाजूला बसली. कॉलेजात नाक फुगवायचा तसाच फुगवतं का अजून, असं विचारून हसली. मग आपणहूनच सांगू लागली, की दसऱ्याच्या कार्यक्रमासाठी तिनं एकटीनं सगळा हॉल चमकवला होता. “आमची आजी झोपाळ्याले सरकीचं तेल घासते ना, तसंच म्या घासलं. काय चमकून राहिलं होतं!” पेंटर त्यानंतरच आला, आणि त्यानं ते धुतलं-पुसलं नाही. जवसाचं तेल सुकतं, सरकीचं चिकटच राहतं, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी चहा पीत राहिलो.

ती खाली गेली आणि मॅडम आल्या. म्हणाल्या, “खरं सांगजो. आमच्या कोण्या पोरीनं काही लावलं-सांडवलं असीन, तर तिले मी ठेवणार नाही.” मी नेहमी ओरडतो, बाबा. काल आवाज चढलाच नाही.

“बाबाचंच काम कच्चं राहिलं,” मी म्हटलं.

माणूस चांगला होता, मॅडम म्हणाल्या. मग सगळं घासून लाकडापर्यंत न्यायचं ठरलं, तुमच्या थरासकट. मशीन मीच घेऊन जाणार आहे. अजून कितीतरी वर्षं टिकला असता तो.

निघताना ती जिन्यात उभी होती. तिच्या कानावर गेलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “मनाले लावून घेऊ नको. तुया बाबानं काही मुद्दाम केलं नसीन.” ती तुम्हाला माफ करून राहिली होती, आणि मी मान हलवली.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून हेही लिहून टाकतो. तिचा हात खांद्यावर होता तेवढा वेळ मला तुमची आठवण आली नाही. नुसतं बरं वाटलं.