विम्यात न बसलेले बाबा

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगांचा विमा माझ्या कंपनीने उतरवलेला असल्यामुळे निर्धास्तपणे घातलेला आहे.) तुझी कंबर आता कशी आहे? दाजींची साखर आणि त्या साखरेवरून तुमच्यात होणारी भांडणं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. आजच्या काळात कागद-पेन घेऊन पत्र लिहायला बसलेला माणूस संशयास्पद दिसतो, हे मला ठाऊक आहे. तुझी भावजय दोनदा डोकावली आणि दुसऱ्यांदा "मृत्युपत्र करताय का? मग माझं नाव वरच्या ओळीत घाला," असं सांगून गेली. पण हे फोनवर बोलता येत नाही. तुझा फोन जन्मापासून स्पीकरवर आहे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बाबा बसलेले असतात.

मागच्या आठवड्यात तुझा मेसेज आला की, तू बाबांना पुन्हा इकडे जाऊन या म्हणालीस आणि ते म्हणाले, "आता काय राहिलंय तिकडे? सगळं पाहून झालं." तुला ते समाधानाचं वाटलं असेल. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. ताई, बाबा इथे तीन महिने राहिले. त्यांनी इथे काय पाहिलं म्हणशील, तर आमच्या हॉलची खिडकी पाहिली आणि त्या खिडकीतून दिसणारी गाड्या लावायची मोकळी जागा पाहिली. संपलं. बाकीचा देश त्यांनी विमानतळावरून घरी येताना आणि घरून विमानतळावर जाताना पाहिला, त्यातही जाताना अंधार होता.

हे असं का झालं, ते सांगण्यासाठी मला दाजींकडे वळावं लागतं. (त्यांना माझा नमस्कार सांग, पण हा परिच्छेद वाचून दाखवू नकोस.) इथे नोकरीला आलेल्या माणसाचा, बायकोचा आणि मुलांचा विमा कंपनी काढते. दात आणि चष्मा सोडला तर आमचं काहीही मोडलं तरी चालतं. भेटायला आलेल्या आईवडिलांचा विमा मात्र वेगळा काढावा लागतो आणि त्यात आधीपासूनचं दुखणं बसत नाही. तर विमेवाल्यांनी अर्जात बाबांना विचारलं होतं, पूर्वी काही आजार? असा प्रश्न आला की सामान्य माणूस "विशेष काही नाही" म्हणतो आणि मोकळा होतो. पण तो अर्ज भरायला बसले दाजी, ज्यांनी हिशेबतपासणीच्या खात्यात उभा जन्म दुसऱ्याने काय लपवलं ते शोधण्यात घालवला. त्यांनी बाबांना समोर बसवलं आणि लहानपणच्या विषमज्वरापासून सुरुवात केली. गुडघे, पाठ, हर्निया, एकदा मारुतीच्या देवळात आलेली चक्कर, पावसाळ्यात होणारी सर्दी, डेपोतल्या धुराने धरलेली छाती, सगळं आलं. (बाबाही काही कमी नाहीत. ऐकणारा भेटला की ते स्वतःहून दोन आजार जास्त सांगतात.) विमा कंपनीने अतिशय नम्रपणे कळवलं की, वरील सर्व गोष्टी आणि त्यांच्यामुळे उद्भवणाऱ्या गोष्टी वगळून आपल्याला संरक्षण देण्यात आनंद होत आहे. मी शांतपणे बसून हिशोब केला. बाबांच्या शरीरापैकी दोन कान आणि उजव्या हाताचं कोपर एवढाच ऐवज सुरक्षित होता.

त्यात आमच्या ऑफिसातला एकजण भेटला. त्याच्या सासूबाई अशाच भेटायला आल्या, जिन्यावरून घसरल्या, आणि पुढे इस्पितळाचं बिल भरायला त्याने गाडी विकली. तो हे इतकं रंगवून सांगायचा की मला प्रत्येक पायरीवर त्याच्या सासूबाई दिसायला लागल्या. मग मी ठरवलं की बाबांना इथे काही होऊ द्यायचं नाही. अगदी काही म्हणजे काही नाही.

बाबा यायच्या आधीच मी टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज बांधला. गालिच्याच्या कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवल्या. न्हाणीघरात धरायला दांडा, बसायला प्लास्टिकची खुर्ची आणि पायाखाली रबरी चटई घातली. तुझी भावजय म्हणाली, "सासरे येताहेत की झुंबर?" पण मी लक्ष दिलं नाही. बाबा आले. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "ते तळं दिसतंय वाटतं झाडांच्या मागे. चल, चक्कर मारून येऊ." मी म्हटलं, आज वारा आहे, उद्या जाऊ. उद्या ओल होती. परवा ऊन होतं. ताई, वारा, ओल आणि ऊन यांपैकी एकही नसलेला दिवस या पृथ्वीवर उगवत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. तळं आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. बाहेरचं खाणं बंद, कारण पोट. बस बंद, कारण धक्के आणि लोकांचा खोकला. मग बाबा खिडकीत बसले. ज्या माणसाने पस्तीस वर्षं बस डेपोत माइक हातात धरून गाड्या सोडल्या, तो खालच्या बारा मोटारींची ये-जा पाहत बसला. संध्याकाळी मी घरी आलो की मला अहवाल मिळायचा. हिरवीवाला आज उशिरा निघाला. पांढऱ्या गाडीचं मागचं चाक बसलंय, त्याला सांगायला हवं. एकदा तर ते काचेआडून हातवारे करून कुणालातरी गाडी मागे घ्यायला मदत करत होते. त्या माणसाने वर पाहिलंही नाही.

आणि ठमीचं काय सांगू? आजोबा येणार म्हणून ही बया महिनाभर आधीपासून नाचत होती. पण शाळेत जाणारं सात वर्षांचं मूल म्हणजे सर्दीची टपालपेटी. ती शिंकली की मी तिला तिच्या खोलीत बंद करायचो. मग आजोबा बाहेर जमिनीवर बसायचे, नात आतल्या बाजूला बसायची आणि दोघं दाराच्या फटीतून पत्ते सरकवत खेळायचे. आतून ओरडा यायचा, "आजोबा, तुम्ही माझे पत्ते वाकून बघता!" आणि बाबा म्हणायचे, "तुझ्या बापाने दार लावलंय म्हणून वाचलीस, नाहीतर हरवलं असतं." मला तेव्हा ते दृश्य मजेदार वाटलं होतं. मी त्याचा फोटोही काढला. आता तो पाहवत नाही, आणि पुसूनही टाकवत नाही.

बाबांना परत जायला दोन आठवडे राहिले असताना माझ्या मनात आलं, न्हाणीघरातली चटई जुनी झाली, आता ती घसरत तर नसेल? घसरते का हे पाहण्याचे अनेक मार्ग आहेत. मी तिच्यावर ओल्या पायांनी उडी मारली. ती घसरते. माझा डावा घोटा कडकन मोडला आणि मी ज्या आरोळीने खाली पडलो ती ऐकून बाबा त्या घरात पहिल्यांदा पळाले. (गुडघे, पाठ, हर्निया, सगळं घेऊन पळाले.) तुझी भावजय कामावर होती. बाबांनी मला बखोटीला धरून उठवलं, टॅक्सी मागवायला लावली आणि तिथून इस्पितळापर्यंत मला अखंड झोडपलं. "गाढवा, घोड्या, चटईवर उड्या मारायचं वय आहे का तुझं? डोकं ठेवलंस कुठे? तिकडेच विसरून आलास काय?" टॅक्सीवाल्याला भाषा कळत नव्हती, पण त्याला माझी दया आली. मला मात्र, पाय सुजून भोपळा झालेला असताना, का कोण जाणे फार बरं वाटत होतं.

तिथे मला आत नेलं आणि बाबा बाहेरच्या दालनात बसले. दार उघडं होतं, मला खाटेवरून सगळं दिसत होतं. बाबांसाठी मी जे जे निषिद्ध ठरवलं होतं ते सगळं एका छपराखाली जमलं होतं. ओली फरशी, गर्दी, चारी बाजूंनी खोकला. अंगठ्याला भलंमोठं फडकं गुंडाळलेला एक म्हातारा बाबांशेजारी येऊन बसला. दोघं बोलायला लागले. तो त्याच्या भाषेत, बाबा आपल्या. अंगठेवाल्याने करवतीची खूण केली, बाबांनी "हात्तिच्या" केलं, मग माझ्या दिशेने बोट दाखवून बसल्या जागी उडी मारून दाखवली. अंगठेवाला दुखरा अंगठा सांभाळत इतका हसला की नर्स पाहायला आली. दोघांनी यंत्रातली कॉफी प्यायली. एकमेकांना फोनमधली नातवंडं दाखवली. एका बाईचं तापाने फणफणलेलं पोर बाबांच्या मांडीवर येऊन झोपलं. अर्ध्या तासात बाबांनी त्या दालनाचा ताबा घेतला होता. कुणाचा नंबर पुकारला की ते त्या माणसाला खांद्याला धरून उठवायचे आणि "चला, चला, गाडी लागली," म्हणून दाराकडे पाठवायचे. आणि लोक जात होते! मी आत आडवा पडून बाबांच्या शिंकेची वाट पाहत होतो. ती आलीच नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही.

इथपर्यंत गोष्ट हसण्यासारखी आहे. पुढची नाही. दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या उशाशी आले. अंगठेवाला दोन थांबे पलीकडे राहतो, त्याने चहाला बोलावलंय, पत्ता लिहून दिलाय, ठमीला घेऊन जाऊन येऊ का, असं विचारलं. विचारलं, ताई! आपल्या बाबांनी! मी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून म्हणालो, "नको बाबा, आता मीही पडलोय, तुम्हाला काही झालं तर कोण धावणार?" मला वाटलं, आता कालच्यासारखं ऐकायला मिळेल. बाबा म्हणाले, "बरं." आणि खिडकीत जाऊन बसले. त्यांनी आयुष्यात आपल्याला कधी "बरं" म्हटलेलं तुला आठवतं का? विमानतळावर निघताना त्यांनी तुझ्या भावजयीचा हात हातात घेऊन सांगितलं, "फार छान पाहुणचार केलात." तेव्हापासून फोनवर ते माझ्याशी पाहुण्यासारखंच बोलतात. तब्येत छान, हवा छान, सगळं छान.

असो. तुला हे सगळं कळवून मन हलकं झालं, एवढंच. काही उत्तर पाठवायला हवंच असं नाही. दाजींना आणि मुलांना आशीर्वाद. (दाजींना नमस्कार, घाईत चुकलं.) कंबरेला शेक देत जा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : बाबांना एवढं सांग की माझा पाय अजून धड नाही. डॉक्टरांनी रोज तळ्यापर्यंत चालायला सांगितलंय, पण एकटं जायचं नाही, हाताला धरायला माणूस हवा. इथे तसा माणूस मिळत नाही. दोन महिन्यांसाठी आले तर उपकार होतील.

ता. ता. क. : माझं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले. काल तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. हे त्यांना कळू देऊ नकोस.

आणखी एक : नको, वरचं दोन्ही राहू दे. खोटं सांगून आणलं, तर ते माझी सेवा करायला येतील आणि मी पुन्हा त्यांना जपत बसेन. तू सरळ विचार, येता का म्हणून. यंदा त्यांचं कोपरही विम्यात बसलं नाही तरी चालेल, हेही सांग. हो म्हणाले, नाही म्हणाले, तरी लगेच कळवू नकोस. "बरं, बघू," म्हणाले तर समज की येणार नाहीत. पण जर का ते भडकले, मला गाढव म्हणाले, माझी अक्कल काढायला लागले, तर ताई, मधे बोलू नकोस, दाजींनाही बोलू देऊ नकोस. फोन स्पीकरवरच असू दे आणि मला लाव.