समुद्रफूल सरकलं

४ एप्रिल, शुक्रवार

पाटी लिहायला घेतली. हिंगणघाटच्या आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी एकच. तिच्यातले दोन नारंगी विदूषक मासे पाहायला पोरांची गर्दी! ओमप्रकाशशेठ म्हणाले, "अमर, हे कुठी राह्यते ते लिहून टाक बे. सांगू सांगू माह्यं तोंड दुखून राह्यलं."

लिहिलं – अंदमानपासून इंडोनेशिया, उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत. उथळ, कोमट समुद्रात, प्रवाळाच्या खडकांवर. शुद्धलेखन पुन्हा पुन्हा तपासलं.

मग अडलो. जात पसरली एवढ्या समुद्रात, पण एकेक मासा मोठा झाल्यावर आपलं घर असलेल्या समुद्रफुलापासून – दगडाला चिकटलेल्या त्या फुलासारख्या प्राण्यापासून – दोन-चार हातांपलीकडे जात नाही. त्याचा पत्ता कोणता लिहायचा?

६ एप्रिल, रविवार

रक्षाला पुण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. जेवताना म्हणाली, "तूही चाल ना." मी पाणी पीत राहिलो.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. तिचं नर्सिंग झालंय, माझी दहावी राहिली. नागपूरच्या पुढे मी कधी गेलेलो नाही. पुण्यात मला कोण विचारणार? – हे तिला सांगायला हवं होतं. इथे लिहितोय.

९ एप्रिल, बुधवार

तिने पुन्हा विचारलं नाही. हे जास्त वाईट.

१० एप्रिल, गुरुवार

समुद्रफूल हललं! दगड सोडून काचेवर चढलं. उजेड किंवा पाण्याचा झोत मानवला नाही की ते सरकतं, हे ऐकून होतो. पाहिलं आज. पंपात ओढलं गेलं तर चिंध्या होतील, सगळी टाकी सडेल. घाईने पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला.

मासे रिकाम्या दगडापाशीच घुटमळत होते. शेठ हसले, "पाह्य बे, घरच पळून गेलं या माश्यायचं!"

मला हसू आलं नाही.

दुकान बंद करेपर्यंत दोघं काचेवरच्या फुलापाशी गेले होते. आधी मोठी मादी, मग तिचा छोटा नर.

१२ एप्रिल, शनिवार

रक्षाला वर्ध्याच्या स्टेशनवर सोडलं. खिडकीतून म्हणाली, "तुले काही सांगायचं हाय का?"

मी म्हणालो, "पाण्याची बाटली घेतली ना?"

गाडी सुटली.

घरी आई दारातच. "बायको पुन्याले गेली अन् तू इथं माश्यायले चारा टाकून राह्यला? येडा झाला काय रे?"

१५ एप्रिल, मंगळवार

पाटी लावली. समुद्रांची नावं तशीच, खाली माशाच्या पत्त्याची ओळ कोरी. शेठ म्हणाले, "हे काऊन सोडलं?"

"नक्की नाही अजून."

"मासा दोन वर्षांपासून दुकानात हाय, अन् याले नक्की नाई!"

१७ एप्रिल, गुरुवार

रक्षाचा फोन. खोली मिळाली. "दोघायची घेतली. एकटीले होस्टेल सस्तं पडलं असतं. घरमालकीण विचारे, नवरा कुठी हाय? म्या म्हटलं, रस्त्यात हाय."