मुराळ्याची गाडी

८ जुलै १९७३, रविवार
गाडी घेतली. काळी, चार दारांची, सोळा वर्षं चाललेली. सांगलीच्या एका वकिलांची होती. ते वारले, घरच्यांनी विकली. भावकीत कुणाला आधी सांगितलं नव्हतं. आता सगळे येऊन बोनेटला हात लावून जातात.

पंचमीला सव्वीस दिवस आहेत. या वर्षी लेकीला, बनाला, माहेरी आणायला मुराळी म्हणून मी स्वतः जाणार, तेही मोटारीतून. आमच्याकडचे मुराळी एसटीने जातात, नाहीतर सायकलवर. मोटारीत बसून माहेरी आलेली लेक गावाने अजून पाहिलेली नाही.

बना तिची आई गेल्यापासून आलेली नाही. दीड वर्ष होत आलं. किरकोळ रुसवा आहे. दारात मोटार दिसली की जाईल.

११ जुलै, बुधवार
सकाळी आठला सांगलीला, बनाच्या सासरी निघणार होतो. आधी सहज भेटून यावं, पंचमीचं सांगून ठेवावं, असा बेत. गाडी सुरू झाली नाही. हवेत दमटपणा होता.

दुपारी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पण सांगलीची वेळ टळली होती. शिराळ्याला जाऊन दाढी करून आलो. उत्तम चालते.

१५ जुलै, रविवार
परत तेच. सांगलीला निघालो की बंद. बाजाराला, दळणाला, पाटलांच्या लग्नाच्या बैठकीला अगदी शहाण्यासारखी सुरू होते. शेजारचा हरिबा ढकलून ढकलून दमला. म्हणाला, "आकारामतात्या, गाडीत वकील हाय. सांगलीला कोरटात जायला नगं म्हणतोय." पोरं हसली.

मी एकोणीस वर्षं मिलिटरीच्या गाड्यांत काढली. भूतबीत काही नसतं. माझं निदान असं की गाडीला पूर्वेकडे तोंड मानवत नाही. इंजिनात तेल एका बाजूला बसतं. उद्यापासून रात्री पश्चिमेकडे तोंड करून ठेवायची.

१६ जुलै, सोमवार
पश्चिमेकडे तोंड करून ठेवली होती. सुरू झाली नाही. निदान बरोबर आहे, वेळ लागेल.

थोरली बहीण असली तरी आक्काला मोटारीतलं काय कळतं? मनू, बनाची आई, गेल्यापासून घर आक्काच्या हातात आहे, म्हणून ती गाडीवरही बोलते. म्हणे, "तू मिलिटरीत टायर मोजायचास आकाराम. गाडी कवा चालवलीस?" टायर हा गाडीचाच भाग असतो. तिच्याशी वाद घातला नाही.

१९ जुलै, गुरुवार. सकाळी ११, पेठ नाका
हे गाडीत बसून लिहितो आहे. आज सुरू झाली होती. सोळा मैल आलो. हमरस्ता ओलांडून इस्लामपूरकडे वळलो आणि बंद पडली.

सेल्फ मारून थांबलं की जी शांतता होते ती चांगली नाही. त्या शांततेत मागच्या सीटवर कुणीतरी खोकलं. मागे पाहिलं. सीट रिकामी. एका कोपऱ्यात बसून बसून खळगा पडलाय तेवढा.

वकील मागे बसत असणार. खोकला मात्र फार बारीक होता, पदर तोंडाशी धरून खोकल्यासारखा. काही पुरुषांचा घसा नाजूक असतो.

त्याच दिवशी, दुपारी
नाक्यावरच्या लोकांनी गाडी शिराळ्याकडे तोंड करून दिली. लगेच सुरू झाली. आरसा वर छताकडे फिरवून ठेवला आणि घरी आलो.

२२ जुलै, रविवार
कऱ्हाडहून बिराप्पा मिस्त्री आला. जतकडचा माणूस, हात चांगला. प्लग काढले, पुसले, लावले. त्याने सहा वेळा सुरू केली, सहाही वेळा झाली. मग मला बसवलं. "सांगलीला निघालाय असं समजा आन् सुरू करा," म्हणाला. झाली नाही.

तो माझ्या हाताकडे बघत होता. म्हणाला, "सायेब, गाडीत कायबी न्हाई. तुमी चोक पार मुठीपातुर वढून धरताय. इंजनात पेट्रोल भरतंय, बुडतंय ते. एवढं कशाला वढताय? कुणी मागं लागल्यागत?"

नवीन मिस्त्री आहे. दुसरा बघायला हवा.

२४ जुलै, मंगळवार
संकल्प: (१) चोक अर्धाच ओढायचा. (२) मागे बघायचं नाही. (३) बनाला काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवायचं, म्हणजे हात मोकळा राहील.

तिसऱ्यावर आज बसलो. "झालं ते झालं" इथपर्यंत येतो. पुढे जात नाही.

झालं ते असं. मनू आजारी होती. आक्का म्हणाली, पोरीला तार कर. मी कार्ड टाकलं. तारेने माणूस घाबरतं. कार्डावर लिहिलं, आईची तब्येत ठीक आहे, येण्याची घाई करू नये. डॉक्टर तसंच म्हणाले होते. म्हणजे तसं म्हणाले नव्हते, पण त्यांचा चेहरा तसा होता. चौथ्या दिवशी मनू गेली. बना आली तेव्हा आम्ही नदीवरून परतलो होतो. ती अंगणात उभी राहिली. घरात आली नाही, पाणी घेतलं नाही. संध्याकाळच्या एसटीने गेली.

कार्ड लिहिण्यात चूक नव्हती. हे तिला समजावून सांगायचं आहे, एवढंच.

२९ जुलै, रविवार. अवस
आक्काने घरातले दिवे मांडले. हरिबाने गाडीला लिंबू-मिरची बांधली. मी विरोध केला नाही, गावाचं मन राखावं लागतं.

दुपारी सीट झाडायला गेलो. खळग्यावर घडी करून जुनी चादर टाकली. मागे बसणाऱ्याला टोचू नये. वकील वयस्कर होते.

३१ जुलै, मंगळवार
सकाळी बंद. चोक अर्धा ओढायचा ठरवलं होतं, हात गेला तसा गेला.

आक्का म्हणाली, "परवा गेलं पायजे. पंचमीच्या आदल्या दिशी लेक उंबऱ्यात पायजे. न्हाईतर एसटीनं जा." मी म्हणालो, मोटार असताना एसटीने गेलो तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोक आताबी म्हणत्यातच की."

२ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी सात. नवा फेटा बांधला. बसलो. चोक अर्धा. पहिल्याच सेल्फला सुरू.

हे अपेक्षित नव्हतं.

इंजिन इतकं सुरेख चाललं होतं की जरा तापू द्यावं म्हटलं. तेवढ्यात काय बोलायचं ते पक्कं करत बसलो. दारात गेल्यावर ती आधी बोलेल की मी? पाणी आणेल का? नाही आणलं तर उभंच राहायचं का? मागे कुणी खोकलं नाही. खोकलं असतं तर बरं झालं असतं. हरिबा दोनदा येऊन बघून गेला. "तात्या, चालू हाय न्हवं?" म्हणाला. मी म्हणालो, तापते आहे.

साडेदहाला इंजिन धाप लागल्यासारखं हललं आणि थांबलं. पेट्रोल संपलं होतं.

आक्का ओसरीवरून बघत होती. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि फाट्याकडे चालू लागली. रागावून शिराळ्याला मावसबहिणीकडे गेली असणार. दिवेलागणीपर्यंत येईल.

आली नाही.

३ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी
सकाळच्या एसटीने आक्का आली. मागे बना. बाईमाणूस मुराळी गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आक्का म्हणाली, "इतकी वरसं ऐकलं न्हाईस, आता बघ."

बना वाळली आहे. अंगणात गाडीपाशी थांबली. "आण्णा, हिला काय हुतंय?" असं विचारलं. मी सगळं सांगितलं. दमट हवा, पूर्वेकडचं तोंड, प्लग, मिस्त्री, वकील. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मागचं दार उघडून चादरीकडे बघितलं. ती चादर तिच्या आईची आहे, हे मला तेव्हा लक्षात आलं.

मग ती खाली मान घालून म्हणाली, "तुमचं कार्ड आलं तवा माझी पिशवी भरलेली हुती आण्णा. आई बरी न्हाई असं मनात आलं हुतं. कार्ड वाचलं आन् पिशवी रिकामी केली. तुमच्यावर न्हवते मी रुसले. मला ह्या घरात पाय टाकायचं भ्या वाटायचं."

पाठ केलेलं सगळं मला आठवत होतं. शब्दन् शब्द. ती बोलायची थांबली. आता माझी पाळी होती.

मी म्हणालो, "पेट्रोल संपलंय."

ती म्हणाली, "व्हय. आक्का म्हनली." आणि आत गेली.