एकशेबारा की ठाणं

२१ ऑगस्ट

झालं एकदाचं! मी, मंजुश्री, या गावची पोलीस पाटील. उदगीरहून पत्र आलं. वाचलं, देवापुढं ठेवलं, परत उचलून वाचलं.

घरात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रुद्रेश म्हणतो, "पाटलीणबाई, नवऱ्याला चहा मिळंल का त्यालाबी अर्ज करावा लागंल?" सासूबाई — त्यांना सगळे अव्वा म्हणतात — म्हणाल्या, "बाईमाणसानं असल्या भानगडीत पडू न्हाई." आणि थोड्या वेळानं स्वतःच डबा घेऊन गल्लीभर साखर वाटून आल्या. एक दार तेवढं सोडलं. उमाशंकर काकांचं. सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ, भिंतीला भिंत. पण दोघांच्या रानांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडण, कधीपासूनचं बोलणं बंद. नांगरट आली की हा म्हणतो तू धुरा कोरलास, तो म्हणतो तू.

सासरे, रेवणप्पा मामा, जेवायला बसलेले. हात धुताना म्हणाले, "गावच्या भानगडी गावात ठेव. घरात आणू नको."

आणते कशाला!

२७ ऑगस्ट

ठाण्यात गेले होते. आमच्या भागाचे जमादार धम्मानंद साहेब. मला वाटलं होतं दरडावून बोलतील. माणूस चांगला आहे, चहा पाजला, ठाण्याचा नंबर दिला, स्वतःचा मोबाईलही दिला. मग म्हणाले, "ताई, एक ध्यानात ठेवा. गावातले लोक नेमकं उलटं करतात. म्हैस हरवली की तातडीचा नंबर, एकशेबारा, लावतात, आन् डोकं फुटलं की माझा मोबाईल. का, तर जमादार ओळखीचा हाय, गाडी आली तर गावाची इज्जत जाती. तुम्ही सुलटं करा."

म्हटलं, कळणार कसं कुठला लावायचा?

"आत्ता चालू हाय का, आन् जिवावर बेतलंय का, एवढं बघा. दोन्हीचं उत्तर हाव असंल तर एकशेबारा. होऊन गेलं असंल, सकाळी उठून बघितलं, चोर गेलेला, तर ठाणं. माझा मोबाईल चहापाण्याला."

येताना एसटीत सगळ्या बायकांना सांगितलं. कंडक्टरलाही सांगितलं. तो म्हणाला तिकीट घ्या आधी.

२ सप्टेंबर, पोळा

लाज! लाज! लाज!

दुपारी शेजारचे श्रीमंत अण्णा, नावानंच श्रीमंत, पळत आले. "पाटलीणबाई, बैल न्हाई. नुसतं दावं हाय गोठ्यात." पोळ्याच्या दिवशी बैल चोरीला! माझ्या अंगात वारंच शिरलं. आत्ता चालू आहे, मोठं आहे — लावला एकशेबारा. तिकडची बाई शांतपणे विचारतेय, मी धाडधाड सांगतेय. फोन ठेवल्यावर वाटलं, याला म्हणतात काम!

इकडं वेशीत तोरण बांधलेलं. ते तोडायचा मान आमच्या घराचा, एक साल मामांच्या जोडीला, एक साल काकांच्या. यंदा मामांचं साल. मामांनी आठ दिवस बैलांची शिंगं घासली होती, नव्या झुली आणल्या होत्या. सगळे बैल वेशीत उभे, हलगी वाजतेय, मामा पुढं निघणार — तेवढ्यात गाडी आली. सायरन वाजवत. बैल बिथरले. काकांचा बैल दावं हिसडून जो उधळला तो तोरण शिंगात घेऊनच पार.

आणि अण्णांचा बैल? त्यांच्या मेव्हण्यानं सकाळीच नेलेला. त्याच्या जोडीतला एक दगावलाय, पोळ्याला जोडी पुरी दिसावी म्हणून. अण्णांच्या बायकोला सांगून नेला. ती पुरण वाटण्यात दंग, विसरली.

पोलीस पुरणपोळी खाऊन, हसत गेले. धम्मानंद साहेबांचा फोन आला, "ताई, म्या म्हैस म्हणालो होतो. बैलबी त्यातच येतो."

मामा घरी आले, बैलांच्या झुली काढल्या, घडी घातल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "उम्या हसला माझ्यावर. सगळ्या गावादेखत." एवढंच. जेवले नाहीत.

४ सप्टेंबर

गावात माझं नाव पडलंय. एकशेबारा बाई.

१३ सप्टेंबर

पण मी काय दबून बसणारी आहे होय! अहमदपूरची पोरगी आहे. आज महादेवाच्या देवळात बायका जमवल्या. सगळ्यांच्या फोनमध्ये ठाण्याचा नंबर घालून दिला. मग कोडी घातली. विहिरीवरची मोटार सकाळी गायब? "ठाणं!" रस्त्यावर टमटम उलटली, माणसं खाली? "एकशेबारा!" लाऊडस्पीकर लई मोठा? "ठाणं!" बायका लेकरांसारख्या ओरडत होत्या. मजा आली.

अव्वा खांबाला टेकून वाती वळत बसलेल्या, आमच्याकडं पाठ करून. मी विचारलं, घरात कुणी कुणाला मारायलंय, आत्ता, मग? एकदम सगळ्या गप. अव्वा वळून न बघता म्हणाल्या, "ते घरातलं. घरातलं घरात."

मी म्हटलं, अव्वा, घरातलं असलं तरी एकशेबारा.

"तुला काय कळतंय," म्हणाल्या. मग कमरेच्या चंचीतून आपला बटणांचा फोन काढला, माझ्यापुढं धरला. "ह्यात घाल काय घालायचं ते. सगळ्यांच्यात घातलीस, माझ्यात कामून न्हाई?"

२२ सप्टेंबर

श्रीमंत अण्णांची मोटार चोरीला गेली. खरंच! विहिरीवरची. येऊन विचारतात, "आता कुठं लावू सांगा, गाडी बोलावू का सायरनवाली?" मी म्हटलं, ठाणं. गुपचूप ठाण्यात नेऊन तक्रार द्यायला लावली.

२६ सप्टेंबर

मोटार सापडली! जळकोटच्या भंगारवाल्याकडं. अण्णा पेढे घेऊन आले. मामांनीही एक खाल्ला. माझ्या हातून!

१२ ऑक्टोबर, दसरा

सगळ्या गावानं एकमेकांना सोनं दिलं. मामा आणि काका देवळाच्या पायरीवर समोरासमोर आले, दोघांच्याही हातात आपट्याची पानं. दोघांनीही ती खिशात घातली. काकांच्या घरच्या अंबिका काकू आणि अव्वा लांबून बघत उभ्या होत्या.

मला राहवलं नाही. धम्मानंद साहेबांना विचारलं, धुऱ्याचं काय करायचं? म्हणाले, "मोजणीचा अर्ज करा, आन् ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा. आज ते ठाण्याचं काम हाय. उद्या एकशेबाराचं होऊ देऊ नका."

मामांना हळूच सांगितलं. म्हणाले, "सख्ख्या भावावर अर्ज? अन् पोळ्याला त्यानं माझं तोंड काळं केलं त्याचं काय? ती मोजणी कोण करंल?"

ते तोंड मीच काळं केलं, मामा. बोलले नाही.

३ नोव्हेंबर

सोयाबीन निघालं. हरभऱ्यासाठी रानं नांगरायला ट्रॅक्टर फिरायलेत. मोजणीचा अर्ज भरून ठेवलाय. मामा सही करीत नाहीत.

७ नोव्हेंबर

दोघंही जिवंत आहेत. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सकाळी रुद्रेश सोयाबीन घेऊन अहमदपूरच्या मोंढ्यात गेला. मामा रानात, अव्वा भाकरी घेऊन आखाड्यावर, रानातल्या खोपीवर गेलेल्या. मी घरी पीठ मळत होते. श्रीमंत अण्णांचा फोन. आवाज वेगळाच. "पोरी, धुऱ्यावर ये. दोघं भाऊ भिडलेत. रेवणप्पाच्या हातात कुऱ्हाड हाय."

पिठाच्या हातानंच पळाले. पळता पळता फोन लावला — कुणाला? धम्मानंद साहेबांना! त्यांनी नको म्हणून सांगितलेलं तेच केलं. उचलला नाही. परत लावला. नाही. साहेब निवडणुकीच्या बंदोबस्ताला लातूरला गेलेत हे मला ठाऊक होतं, तरी लावत राहिले. कारण साहेब ओळखीचे. साहेब आले असते तर समजावलं असतं, गाडी नाही, सायरन नाही, मामांना कुणी गाडीत घालताना बघितलं नसतं. पोळ्याचा सायरन कानात वाजत होता. परत चूक झाली तर? आणि चूक नसली तर? सासऱ्यावर पोलीस बोलावणारी सून कुठल्या घरात राहते?

रान दिसलं. काकांच्या कपाळावरून रक्त चाललेलं, हातात लोखंडी पहार. मामा कुऱ्हाड उचलून उभे. मधे नुसता धुरा, ट्रॅक्टरनं अर्धा कोरलेला. गडी-माणसं लांब उभी, जवळ जायची कुणाची छाती होईना. मामा ओरडत होते, "आज मोजतो. आजच मोजतो तुला."

आत्ता चालू आहे. जिवावर बेतलंय. दोन्हीला हाव.

लावला. बोटाला पीठ, आकडे उमटेनात, तरी लावला. गाव, शिवार, कुऱ्हाड, दोन भाऊ. तिकडची बाई म्हणाली, "ताई, या ठिकाणचा कॉल आधीच आलाय. गाडी निघाली आहे, पोहोचतेच आहे. तुम्ही मधे जाऊ नका."

अंबिका काकूंनी केला असणार. नवऱ्याचं रक्त बघितल्यावर कोण थांबेल?

मी मधे गेले नाही. पण घसा फाडून ओरडले, मामा, गाडी निघालीय, पोलिसांची, निघालीय! मामांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. हातात फोन, तोंडावर पीठ. कुऱ्हाड तशीच वर. काकाही बघतच राहिले. तेवढ्यात लांबून तो आवाज आला. पोळ्याला ज्यानं माझं नाक कापलं तोच. एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही! मामांनी कुऱ्हाड खाली टाकली.

अव्वा आखाड्याच्या दारात उभ्या होत्या. पदर तोंडात धरलेला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

८ नोव्हेंबर

काकांना टाके पडले. तक्रार देणार नाही म्हणाले. "नांगराच्या फाळावर पडलो," असं सांगितलं डॉक्टरांना! ठाण्यात दोघांकडून परत भांडणार नाही असा बाँड लिहून घेतला, मोजणीच्या अर्जावर दोघांच्या सह्या घेतल्या. धम्मानंद साहेबांनी लातूरहून फोन केला. "ताई, उशीर न्हाई केलात ना?" मी म्हटलं, आधी कितीदा तुम्हाला लावला. ते म्हणाले, "शेवटी लावलात ना."

आतून मी नाचतेय. खरं सांगते. दोन माणसं वाचली! गावात आज मला कुणी एकशेबारा बाई म्हणालं तर मी हाव म्हणणार.

पण घरात नाही नाचता येत. मामा ठाण्यातून आले ते माझ्या हातचं पाणी बाजूला सारूनच. रुद्रेशपुढं म्हणाले, "म्या सून आणली होती. हिनं माझ्या दारात पोलीस आणला." रुद्रेश रात्री म्हणाला, "मला एक फोन करायचा होतास." तू अहमदपुरात होतास, म्हटलं. तो कूस बदलून झोपला.

१२ नोव्हेंबर

मामांना अव्वा वाढतात. मी चुलीपाशी बसते. घरात भांड्यांचाच आवाज.

१४ नोव्हेंबर

मामांनी निकाल दिला. रुद्रेशकरवी. राजीनामा दे, नाहीतर अहमदपूरला बापाकडं जाऊन रहा. रुद्रेश खाली बघत सांगत होता.

मी भांडले. लई भांडले. मग थकले. पोळ्याला नको तिथं फोन लावून मी ह्या माणसाचा मान घालवला, ते खरंच आहे. आणि त्या दिवशी गाडी तर काकूंच्या फोनवर आली, माझा नुसता मागून लागला. मग माझ्यामुळं काय वाचलं? उद्या उदगीरला जाते. देऊन टाकते राजीनामा.

अव्वा दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या माझ्या बाजूनं एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

१५ नोव्हेंबर

गेले नाही.

सकाळी पिशवी घेऊन निघाले. मामा ताटावर बसलेले. अव्वांनी भाकरी वाढली, मग चंचीतून आपला बटणांचा फोन काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

"गाडी हिच्या फोननं न्हाई आली. माझ्या आली. तुमी कुऱ्हाड उचललीत तवाच लावला, आखाड्यातून. आता मला धाडा माहेरी. माझ्या माहेरी कोण उरलंय तेवढं बघा."

मामा एवढंच म्हणाले, "घरातलं होतं, नागम्मा."

"घरातलं होतं म्हणूनच लावला," अव्वा म्हणाल्या. मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली.