तरंगणारा वॉकीटॉकी

तात्या,

मी कयाक, म्हणजे ती एकटीनं वल्हवायची होडी, घेऊन उजनी धरणाच्या पाण्यावर चाललेय. आईला सांगितलंय, तिच्यावर रागावू नका.

मागं होडी उलटली तेव्हा फोन भिजला आणि मला कुणाला हाक मारता आली न्हाय, हे तुमचं खरं. म्हणून होडीवाले वापरतात तसला वॉकीटॉकी विकत घेतलाय. दुकानातले दोन दुकानदाराच्याच बादलीत टाकून बघितले. एक तळाला गेला, दुसरा तरंगला आणि बोलतही राहिला. तोच आणला. पण 'पोरींनी पाण्यात जायचं न्हाय' हे तुमचं मी ऐकणार न्हाय.

त्याच्या जोडीचा दुसरा सेट टीव्हीपाशी चालू ठेवलाय. गच्चीवर नेला की माझा आवाज येईल. बटण दाबून 'परत ये' म्हणू नका. 'कुठं हायेस' एवढंच विचारा, मी सांगीन.

श्रेया