पुसून टाकण्याआधी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. या आठवड्यात मात्र तुमची फार आठवण आली.

मी केडगावात घरी बसून काम करते. तुम्ही शिकवलेला तो कंपायलर, लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा, तसलाच आम्ही बनवतो. कंपायलर, लिंकर, लायब्ररी असे पाच-सहा वेगवेगळे प्रकल्प, एकमेकांवर अवलंबून. कुठं एक ओळ बदलली तरी आमच्याकडे रीत एकच, जुनं सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून बिल्ड लावायचं, म्हणजे सगळे प्रकल्प मशीनकडून नव्यानं तयार करून घ्यायचे. पुण्याच्या ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर ते पटकन उरकतं, माझ्याकडे अर्धा दिवस जातो. शेवटी साहेब म्हणाले, "घरून जमत नसेल तर पुण्याला या." आई म्हणाली, "तू जा खुशाल. मी काय हे घर सोडायची न्हाई." बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या गुडघ्यांनी तिला धड अंगणही ओलांडवत नाही, तिला एकटीला टाकून मी कशी जाणार होते?

तेव्हा पॉलिटेक्निकची लॅब आठवली. प्रोग्राम चालेना म्हणून मी सगळ्या फायली पुसायला निघालेय आणि तुम्ही मागून येऊन माउस काढून घेताय. वर्गात तुमचं इंग्रजी कडक इस्त्रीचं, पण राग आला की पारनेरची बोली बाहेर यायची. "अगं, पुसून काय कळनार हाय तुला? आधी का बिघडलं ते बघ की!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यातली बाजरीची भाकरी माझ्यापुढे सरकवलीत आणि चूक सापडेपर्यंत शेजारून हलला नाहीत.

म्हणून यावेळी मी काही न पुसता बिल्ड लावलं. तरीही सगळं पहिल्यापासूनच सुरू झालं. याच कारणानं आमच्यातलं कोणी त्या फंदात पडत नसे. मी बघत बसले. कंपायलर बदललेला नसला तरी दर वेळी त्याच्या फायली नव्यानं कॉपी व्हायच्या, त्यांच्यावर बदलाची नवी तारीख-वेळ नोंदली जायची आणि पुढच्या प्रकल्पांना वाटायचं, सगळंच बदललंय. फरक असेल तरच कॉपी कर, एवढं मी बिल्डच्या सूचनांत लिहिलं. काल बिल्ड चहा निवायच्या आत संपलं. साहेबांनी कळवलं, घरूनच चालू ठेवा. आईला सांगितलं, तर म्हणते, "मंग? मी म्हनलं न्हवतं?" ती असलं काहीही म्हणाली नव्हती.

हे पत्र कुठंच जाणार नाही. पण एक सांगते. काल आईला सांगायच्याही आधी मी तुमचा जुना नंबर लावला होता. तिकडून कोणी माणूस म्हणाला, "व्हय, कोन बोलतंय?" मी म्हटलं, चुकून लागला.

चुकून लागला नव्हता, बाई.